‘सिक सायनस’ : एका संज्ञेचा आणि तिच्या औषधयोजनेचा इतिहास

१

निदान आधी आणि उपचार नंतर, असा क्रम वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत सांगितलेला असतो. वैद्यकाच्या इतिहासात मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा आढळतो. औषध शेकडो वर्षे वापरात असते. ते शरीराच्या ज्या भागावर चालते तो भाग पुढे केव्हा तरी सापडतो. आणि ज्या विकारात ते द्यावयाचे अथवा टाळावयाचे त्या विकाराला नाव सर्वांत शेवटी मिळते. हृदयाचा ठोका जेथे जन्म घेतो त्या सायनस नोडच्या विकाराचा इतिहास हे या उलट्या क्रमाचे बोलके उदाहरण होय. या विकारात दिली गेलेली अॅट्रोपिन, डिजिटॅलिस, क्विनिडीन ही औषधे ज्या वनस्पतींपासून मिळतात त्यांचे गुण शतकानुशतके ज्ञात होते. नोडचा शोध १९०७ सालचा. आणि ‘सिक सायनस सिंड्रोम’ हे नाव १९६७-६८ मधले.

नाव उशिरा मिळाल्याने काय बिघडले, आणि ते मिळाल्यावर काय सुधारले, हा या लेखाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. नाडी मंद होऊन मूर्च्छा येणाऱ्या माणसाला कोणते औषध द्यावयाचे, कोणते थांबवावयाचे, किंवा औषधाचा मार्गच सोडून द्यावयाचा काय, हे त्याच्या दुखण्याला कोणत्या नावाखाली घातले जाते यावर अवलंबून राहिलेले आहे. चुकीच्या नावाखाली दिलेले योग्य औषधही घातक ठरते, याचे प्रत्यंतर या इतिहासात वारंवार येते.

२

प्रथम ‘सायनस’ या शब्दाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. लॅटिन भाषेत त्याचा मूळ अर्थ वळण, घडी, वस्त्राचा छातीवर पडणारा घोळ असा आहे. त्यावरून उपसागर, खाच, पोकळी असे अर्थ निघाले आणि शरीररचनाशास्त्राने पोकळी या अर्थाने तो उचलला. गणितातील ‘साइन’ हा शब्दही याच लॅटिन शब्दाचा वंशज असून त्याच्या कुळकथेत भारताचा भाग मोठा आहे. संस्कृत गणितग्रंथांतील ‘ज्या’ अथवा ‘जीवा’ ही संज्ञा अरबीत ‘जीबा’ अशी गेली. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे त्या अक्षरांचे वाचन पुढे ‘जैब’ असे झाले. ‘जैब’ म्हणजे वस्त्राचा घोळ. हिंदीतील ‘जेब’ तोच. बाराव्या शतकातील भाषांतरकारांनी या ‘जैब’चे लॅटिन रूपांतर ‘सायनस’ असे केले. अशा रीतीने धनुष्याच्या दोरीचे नाव एका वाचनदोषामुळे खिशाचे नाव झाले. गणिताचे यात काही अडले नाही, कारण गणितात संज्ञेचा अर्थ व्याख्येने ठरतो. वैद्यकात तसे होत नाही, हे पुढे दिसून येईल.

हृदयाच्या संदर्भात ‘सायनस’ म्हणजे गर्भावस्थेतील हृदयाचा तो कप्पा, ज्यात शिरांमधील रक्त गोळा होते. मासा, बेडूक या प्राण्यांत हा कप्पा जन्मभर स्वतंत्र राहतो. सस्तन प्राण्यांत तो उजव्या अलिंदात विलीन होतो. जर्मन शास्त्रज्ञ स्टॅनिअस याने १८५२ साली बेडकाच्या हृदयात हा कप्पा व अलिंद यांच्यामध्ये दोरा आवळला, तेव्हा कप्पा धडधडत राहिला आणि उर्वरित हृदय थांबले. ठोक्याचा उगम कोठे असावा याची दिशा या साध्या प्रयोगाने दाखविली. माणसाच्या हृदयात मात्र तो कप्पाच वेगळा उरलेला नसल्याने त्याचा अवशेष शोधणे भाग होते.

तो शोध १९०६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील केंट परगण्यातील एका खेडेगावच्या घरात लागला. आर्थर कीथ यांच्या हाताखाली काम करणारा मार्टिन फ्लॅक हा वैद्यकाचा विद्यार्थी चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोल या प्राण्याच्या हृदयाचे छेद तपासीत होता. ऊर्ध्व महाशिरा उजव्या अलिंदास जेथे मिळते तेथे त्याला एक निराळीच ऊतक-रचना आढळली. त्याच वर्षी जपानी संशोधक तावारा यांनी मारबुर्ग येथे अलिंद व निलय यांच्यामधील नोडचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्याच्याशी या रचनेचे साम्य होते. कीथ व फ्लॅक यांचा निबंध १९०७ साली प्रसिद्ध झाला. ठोक्याची विद्युत्-लाट खरोखरच येथून सुरू होते, हे १९१० च्या सुमारास टॉमस लुइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत्-मापनाने सिद्ध केले.

‘नोड’ या शब्दाचे मराठी रूप अद्याप स्थिर झालेले नाही. ‘ग्रंथी’ म्हणावे तर स्राव निर्माण करणाऱ्या अवयवाशी घोटाळा होतो. ‘गाठ’ म्हणावे तर मराठी माणसाच्या मनात कर्करोगाची भीती उभी राहते. उसाच्या पेराची आठवण देणारा ‘पर्व’ हा शब्द अर्थदृष्ट्या नेमका आहे, पण तो सणावारांत अडकलेला. म्हणून प्रस्तुत लेखात ‘नोड’ हाच वैद्यकीय व्यवहारातील शब्द ठेविला आहे.

३

नोड सापडण्यापूर्वीच त्याच्यावर चालणारी औषधे वैद्यांच्या हाती होती. त्यांत पहिला मान अॅट्रोपिनचा. ज्या वनस्पतीपासून ते मिळते तिला लिनिअसने १७५३ साली ‘अॅट्रोपा बेलाडोना’ असे नाव दिले. अॅट्रोपोस ही ग्रीक पुराणांतील आयुष्याचा धागा तोडणारी देवता. बेलाडोना म्हणजे इटालियन भाषेत सुंदर स्त्री, कारण या वनस्पतीच्या रसाने डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या होतात. मृत्यू व सौंदर्य या दोहोंचा निर्देश एकाच नावात आला आहे. आपल्याकडे परिचित असलेल्या धोत्र्यातही याच कुळातील द्रव्ये असतात आणि ‘डॅटुरा’ हे त्याचे शास्त्रीय नाव संस्कृत ‘धत्तूर’ शब्दावरून आलेले आहे. धोत्र्याच्या विषबाधेत तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो आणि नाडी वेगाने धावू लागते. या शेवटच्या लक्षणातच पुढे मंदनाडीवरील उपचार सापडला.

त्याचे स्पष्टीकरण टप्प्याटप्प्याने मिळाले. प्राणेशा तंत्रिकेला विद्युत्-उत्तेजन दिल्यास हृदय थांबते, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखविले. अॅट्रोपिन दिल्यास या तंत्रिकेचा लगाम सुटतो, हे १८६७ पर्यंत प्रयोगाने कळले. आणि हा लगाम एका रासायनिक द्रव्याच्या द्वारे खेचला जातो, हे ऑटो लोएवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर सिद्ध केले. म्हणजे अॅट्रोपिन नोडला चाबूक मारीत नाही. ते केवळ त्याचा लगाम सैल करते. हा भेद महत्त्वाचा आहे. लगाम ओढलेला असल्यामुळे घोडा थांबला असेल तर या औषधाचा उपयोग. घोडाच थकलेला असेल तर लगाम सोडून काय होणार?

दुसरे औषध डिजिटॅलिस. विल्यम विदरिंग याचा या वनस्पतीवरील ग्रंथ १७८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या अतिमात्रेने नाडी मिनिटाला ३५ पर्यंत खाली येते, ही नोंद त्यानेच करून ठेविली आहे. अलिंदांचा अनियमित थरथराट होऊन नाडी सैरावैरा धावते तेव्हा तिला आवरण्यास हे औषध उत्तम, असा अनुभव विसाव्या शतकाच्या आरंभी आला. तिसरे क्विनिडीन. मलेरियासाठी घेतलेल्या कोयनेलाने आपले अनियमित ठोके थांबतात, असे एका डच व्यापाऱ्याने १९१२ मध्ये वेंकेबाख या हृदयतज्ज्ञाला दाखवून दिले. पुढे १९१८ साली फ्राय या जर्मन वैद्याने कोयनेलाचे भावंड असलेले क्विनिडीन अधिक प्रभावी असल्याचे सांगितले.

चौथा गट अॅड्रेनलिनचा. अॅड्रेनलिन, तोंडाने घेता येणारे एफेड्रिन आणि १९४० नंतर प्रचारात आलेले आयसोप्रेनलिन ही द्रव्ये अनुकंपी तंत्रिकांचे कार्य करतात, म्हणजे घोड्याला खरोखरच टाच मारतात. ज्यांची नाडी एकाएकी मंदावून मूर्च्छा येते अशा रुग्णांत ती वापरण्यात आली. अशा मूर्च्छेला रॉबर्ट अॅडम्स (१८२७) व विल्यम स्टोक्स (१८४६) या डब्लिनच्या वैद्यांवरून नाव पडले होते.

येथेच नावाचा पहिला घोटाळा दिसतो. स्टोक्स-अॅडम्स मूर्च्छेचे बहुतेक रुग्ण अलिंद व निलय यांच्यामधील वाट अडलेले असत. त्यांचा सायनस नोड ठीक असे. परंतु काही रुग्णांत वाट मोकळी असूनही आरंभीचा संदेशच निघत नसे. लिव्हरपूलचे लॅस्लेट यांनी १९०९ साली संपूर्ण हृदय, अलिंदांसह, काही काळ थांबून मूर्च्छा येणाऱ्या रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. निरीक्षण अचूक होते, पण त्याला स्वतंत्र नाव मिळाले नाही; आणि ज्याला नाव नाही ते नित्याच्या व्यवहारात विसरले जाते. पुढील अर्धशतक दोन्ही प्रकारचे रुग्ण बहुधा एकाच टोपलीत पडत राहिले व एकाच तऱ्हेची औषधे घेत राहिले.

त्या औषधांचा जाच लहान नव्हता. आयसोप्रेनलिनचा परिणाम अल्पकाळ टिकत असल्याने गोळी जिभेखाली धरून दिवसातून अनेकदा घ्यावी लागे. हात कापत, छातीत धडधडे, आणि कधी कधी औषधामुळेच नवे अनियमित ठोके उत्पन्न होत. अॅट्रोपिन दीर्घकाळ घ्यावे तर तोंड कोरडे, दृष्टी अंधुक, वृद्धांना मूत्रावरोध व चित्तभ्रम. मूर्च्छा टळेल याची शाश्वती मात्र कोणत्याच औषधाने मिळत नसे.

४

औषधयोजनेचा खरा पेच १९५४ साली डेव्हिड शॉर्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात उघड झाला. ज्यांचे हृदय कधी अतिमंद तर कधी अतिजलद चालते अशा रुग्णांचे वर्णन त्यांनी केले व हे दोन विरोधी प्रकार एकाच लक्षणसमूहाचे भाग असल्याचे दाखविले. तोपर्यंत वैद्यकीय विचारात मंदनाडी हा एक दोष व द्रुतनाडी हा त्याच्या उलट दोष, अशी सरळ मांडणी होती. एकाच रुग्णात एकाच दिवशी दोन्ही आढळावेत, ही गोष्ट या मांडणीत बसत नव्हती.

कारण असे. नोड दुर्बल झाला म्हणजे अलिंदांतील इतर भाग पुढारीपण घेतात व जलद, अनियमित लय सुरू होते. ही लय चालू असेतो नोड दडपलेला राहतो. लय एकाएकी थांबली की नोडने पुन्हा काम हाती घ्यावयाचे असते. निरोगी नोड ते तत्काळ घेतो. दुर्बल नोडला जागे होण्यास काही सेकंद लागतात. त्या काही सेकंदांत मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि माणूस कोसळतो. मूर्च्छेचा क्षण हा धावण्याचा क्षण नसून धाव संपल्यानंतरच्या शांततेचा क्षण असतो.

आता औषध कोणते द्यावयाचे? धाव थांबविण्यासाठी डिजिटॅलिस किंवा क्विनिडीन द्यावे, तर दुर्बल नोड अधिकच दबतो व शांतता लांबते. नोडला चेतविण्यासाठी आयसोप्रेनलिन द्यावे, तर अलिंदे चवताळून धाव अधिक वेळा सुरू होते. प्रोप्रॅनोलॉल हे १९६४ साली जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले नवे औषध अनुकंपी तंत्रिकांचा मार्ग रोखणारे होते. अन्य रुग्णांत ते वरदान ठरले, परंतु या रुग्णांत त्याने तोच पेच अधिक तीव्र केला. इकडे आड, तिकडे विहीर, अशी ही स्थिती होती. येथे औषध निवडण्यात वैद्याची चूक होत नव्हती. विकाराचे स्वरूपच असे होते की त्याच्या एका अर्ध्यावरील उपाय दुसऱ्या अर्ध्याचे कारण बनत असे.

५

नाव मिळाले ते एका यंत्राच्या वापरातून. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ साली छातीवर एकदिश विद्युत्-प्रवाहाचा नियंत्रित धक्का देऊन अलिंदांची अनियमित लय मोडण्याची पद्धत रूढ केली. बहुतेक रुग्णांत धक्क्यानंतर नोड आपले काम पुन्हा हाती घेई. काहींत मात्र लय मोडूनही नोड सावरत नसे. मंद, विस्कळीत ठोके पडत व थोड्याच वेळात पूर्वीची अनियमितता परत येई. १९६७ मधील लेखात लाउन यांनी या स्थितीस ‘सिक सायनस सिंड्रोम’ म्हटले. पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या आयरीन फेरर यांनी या संज्ञेची व्याप्ती वाढविली. सतत मंद राहणारी नाडी, नोडचे मधूनमधून थांबणे, नोडपासून निघालेला संदेश बाहेर न पडणे, विद्युत्-धक्क्यानंतर नोडने काम हाती न घेणे, आणि कोणतेही औषध दिलेले नसताना अलिंदांच्या थरथराटातही नाडी मंदच राहणे, ही सारी लक्षणे त्यांनी एका नावाखाली आणिली.

यांतील ‘औषध दिलेले नसताना’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. त्याचा अर्थ असा की व्याख्येच्या मुळाशीच औषधाचा प्रश्न होता. डिजिटॅलिस घेणाऱ्याची नाडी मंद असेल तर तो औषधाचा गुण. न घेणाऱ्याची मंद असेल तर तो नोडचा दोष.

संज्ञा झपाट्याने रूढ झाली. तिच्यावर आक्षेपही आले. १९७३ साली कॅप्लन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘द्रुत-मंद लक्षणसमूह’ असे स्वतःचे नाव देऊन ‘सिक सायनस’च्या मागे ‘तथाकथित’ असे विशेषण जोडले. भाषेच्या दृष्टीने आक्षेप दोन प्रकारचे संभवतात. पहिला असा की नोड हा मूळ शब्द गळून पोकळीवाचक ‘सायनस’ तेवढा उरला. याचा परिणाम रुग्णापर्यंत पोहोचतो. मराठी बोलण्यात ‘मला सायनस आहे’ याचा अर्थ नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा त्रास आहे, असाच होतो. ‘तुमचा सायनस आजारी आहे’ असे हृदयतज्ज्ञाने म्हटल्यास रुग्ण सर्दीची औषधे आठवू लागेल. गणितातील ‘साइन’ला आपल्या पूर्वजन्माचा उपद्रव होत नाही, वैद्यकातील ‘सायनस’ला होतो तो असा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ‘आजारी’ हे विशेषण वस्तूला लागते. म्हणजे दोष वस्तूत आहे, असे ते गृहीत धरते. परंतु कित्येकदा नोडची रचना धड असते व त्याचे कार्यच काही बाह्य कारणाने दबलेले असते: प्राणेशा तंत्रिकेचा अतिरेक, थायरॉइड ग्रंथीची मंदता, रक्तातील पोटॅशियमचे आधिक्य, आणि सर्वांत मुख्य म्हणजे दुसऱ्या विकारासाठी दिलेली औषधे. पुढे वैद्यकीय लेखनात ‘सायनस नोडची कार्यविकृती’ या अर्थाची संज्ञा पुढे आली. ‘आजारी’च्या जागी ‘कार्यविकृती’ येणे हा केवळ शिष्ट शब्दाचा हव्यास नव्हे. या बदलाने कारण शोधण्याची जबाबदारी वैद्यावर टाकली. कार्य कशाने बिघडले, असे विचारल्यावर उत्तरात रुग्णाच्या उशाशी असलेल्या गोळ्यांची बाटलीही येऊ शकते.

६

बाह्य दोष व अंगभूत दोष यांत भेद करण्यासाठी औषधांचाच उपयोग झाला. जोस या संशोधकाने १९६६ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत प्रोप्रॅनोलॉल व अॅट्रोपिन ही दोन्ही एकापाठोपाठ देतात. पहिल्याने टाच निघते, दुसऱ्याने लगाम. मग हृदय ज्या गतीने चालते ती त्याची अंगभूत गती. १९७० साली जोस व कॉलिसन यांनी तिचे सूत्र दिले : ११८.१ मधून वयाच्या वर्षांची ०.५७ पट वजा करावी. साठ वर्षांच्या मनुष्यात ही गती मिनिटाला सुमारे ८४ येते. मोजलेली गती याहून फार कमी असेल तर दोष नोडमध्येच आहे. जवळपास असेल तर तंत्रिकांमध्ये.

या परीक्षेने औषधाची भूमिका पालटली. इतके दिवस औषध हे उत्तर होते. आता ते प्रश्न झाले. अॅट्रोपिनने ज्याची नाडी वाढत नाही त्याला अॅट्रोपिन देऊन उपयोग नाही, एवढेच नव्हे तर त्याचा नोड कोणत्या अवस्थेत आहे हेही त्या निष्फळतेने कळते. १९७१ मध्ये मँडेल व सहकाऱ्यांनी हृदयात तार घालून अलिंदे काही काळ जलद चालवून एकाएकी सोडून देण्याची व नोडला जागे होण्यास लागणारा वेळ मोजण्याची रीत सांगितली. जी शांतता शॉर्ट यांच्या रुग्णांना खाली पाडीत होती तिला आता मोजमाप मिळाले.

७

दरम्यान उपचाराचा प्रवाह दुसरीकडे वळला होता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे अर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पूर्णतः आत बसविलेला पेसमेकर घालण्यात आला. त्यांचा विकार वाट अडण्याचा होता, नोडचा नव्हे. तत्पूर्वी एफेड्रिन, अॅट्रोपिन, आयसोप्रेनलिन, कॅफीन, एवढेच काय पण व्हिस्कीसुद्धा त्यांना देऊन झाली होती. तरी दिवसाकाठी वीस-तीस झटके येतच होते. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, परंतु त्यानंतर एकामागून एक यंत्रे बदलीत लार्सन २००१ पर्यंत जगले. औषधांची ती यादी आणि पुढील त्रेचाळीस वर्षे यांतील अंतर हेच या युगांतराचे माप होय.

वाट अडलेल्यांसाठी निघालेले हे यंत्र थोड्याच वर्षांत नोडच्या विकारातही वापरले जाऊ लागले आणि तेथे त्याने जुना पेच सोडविला. मंदतेची राखण यंत्राने केल्यावर द्रुततेवर औषध निर्भयपणे देता येते. जे औषध एकटे घातक होते ते यंत्राच्या सोबतीने निरुपद्रवी झाले. औषधाची हकालपट्टी झाली असे जे कधी कधी म्हटले जाते ते म्हणूनच अर्धसत्य आहे. औषधाची जागा बदलली, एवढेच खरे.

मात्र यंत्राविषयीही संयम हवा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात सायनस नोडच्या विकाराच्या २,०१० रुग्णांत पेसमेकरच्या दोन पद्धतींची तुलना करण्यात आली. दोन कप्प्यांना चालविणाऱ्या यंत्राने अलिंदांचा थरथराट कमी झाला, पण मृत्यू अथवा पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून लक्षणे असतील तरच यंत्र बसवावे. नुसती नाडी मंद आहे एवढ्यावरून बसवू नये, असाच आजचाही दंडक आहे. थरथराट असलेल्या रुग्णात अलिंदात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचे भय असते. त्याविरुद्ध खरे काम करते ते रक्त गोठू न देणारे औषध. या विकारात प्राणरक्षणाच्या दृष्टीने कदाचित सर्वांत मोलाचे असलेले हे औषध हृदयाच्या लयीला स्पर्शही करीत नाही.

नोडवरील औषधांपैकी एकाचा कस मात्र काटेकोर तुलनेने लागला. ते म्हणजे थिओफिलिन. अल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८८ साली ते चहाच्या पानांत शोधले व त्याचे नावही चहा आणि पान या अर्थांच्या शब्दांवरून पडले. अॅडेनोसिन हे शरीरातील द्रव्य हृदय मंद करते, असे ड्रुरी व सेंट-ग्यॉर्ग्यी यांनी १९२९ मध्ये दाखविले होते; थिओफिलिन त्या द्रव्याला अटकाव करते. इटलीत आल्बोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायनस नोडच्या विकाराचे १०७ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने तीन गटांत विभागले : एका गटाला उपचार नाही, दुसऱ्याला थिओफिलिन, तिसऱ्याला पेसमेकर. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरासरी १९ महिन्यांच्या काळात मूर्च्छा आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २३, १७ व ६ टक्के होते. हृदयाची दुर्बलता मात्र उपचार नसलेल्या गटात १७ टक्क्यांना, तर औषध व यंत्र या दोन्ही गटांत प्रत्येकी ३ टक्क्यांनाच आली.

या आकड्यांचे वाचन सावधपणे केले पाहिजे. मूर्च्छा टाळण्यात यंत्र श्रेष्ठ. हृदय सांभाळण्यात औषध यंत्राच्या बरोबरीचे. आणि उपचार न घेतलेल्या चार रुग्णांपैकी तिघांना तेवढ्या काळात मूर्च्छा आलीच नाही. १९५०-६० च्या दशकांत मूर्च्छा थांबली की श्रेय औषधाला दिले जाई. त्या श्रेयाचा किती भाग विकाराच्या स्वाभाविक चढउताराला द्यावयास हवा होता, हे उपचाररहित गट ठेवल्यावरच कळू शकले.

अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत जुन्या औषधांना नेमकी जागा दिलेली आढळते. रक्तदाब ढासळून रुग्ण संकटात असेल तर तात्पुरते अॅट्रोपिन. आयसोप्रेनलिन व त्याच्या जातीची औषधे निवडक प्रसंगी. आणि दुखणे खरोखर नोडमुळेच आहे काय व पेसमेकरने लाभ होईल काय याचा अंदाज घेण्यासाठी तोंडाने थिओफिलिन देऊन पाहता येईल. ज्याच्या शरीरात दुसऱ्याचे हृदय बसविले आहे त्याला अॅट्रोपिन देऊ नये, असेही त्यांत सांगितले आहे. कारण अशा हृदयाच्या तंत्रिका तुटलेल्या असतात. जेथे लगामच नाही तेथे तो सैल काय करावयाचा?

नोडच्या कार्याचे सूक्ष्म ज्ञान झाल्यावर त्याला चेतविणारे निर्दोष औषध मिळेल, अशी आशा बाळगणे स्वाभाविक होते. १९७९ साली ब्राउन, डिफ्रान्सेस्को व नोबल यांनी नोडच्या पेशींतील ज्या विलक्षण विद्युत्-प्रवाहामुळे ठोक्यांची गती ठरते त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या ज्ञानातून औषध निघाले खरे. २००५ मध्ये युरोपात मान्यता मिळालेले आयव्हाब्रॅडिन ते हेच. परंतु ते नोडला मंद करणारे आहे, चेतविणारे नव्हे. आणि ज्याचा नोड विकृत आहे त्याला ते वर्ज्य आहे.

८

सारांश, या इतिहासाचे तीन कालखंड पडतात. पहिल्यात विकाराला नाव नव्हते. औषध लक्षणाला दिले जाई व मंद नाडी म्हणजे चेतविणारे औषध, जलद नाडी म्हणजे आवरणारे औषध, असे सरळ गणित होते. दुसऱ्यात नावाने मंद व जलद यांना एकत्र बांधले आणि ते गणित मुळातच चुकीचे असल्याचे उघड केले. नावाची ही सेवा मोठी आहे. तिसऱ्यात त्या नावातील ‘आजारी’ हे विशेषण सोडून कार्याकडे लक्ष वळविले गेले आणि औषध स्वतःच रोगाचे कारण असू शकते, या शक्यतेला व्याख्येत जागा मिळाली.

या तिसऱ्या टप्प्याचे व्यावहारिक मोल आपल्याकडे विशेष आहे. पेसमेकर ही खर्चाची वस्तू आहे. अमेरिकेत मृतांच्या देहांतून काढलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईतील ५३ गरजू रुग्णांना बसविल्याचा वृत्तांत २०१२ साली प्रसिद्ध झाला, यावरूनच गरज व सामर्थ्य यांतील अंतराची कल्पना यावी. अशा परिस्थितीत रक्तदाबासाठी वा डोळ्यांतील काचबिंदूसाठी दिलेल्या एखाद्या औषधाने मंदावलेल्या नाडीला ‘आजारी सायनस’ असे नाव देऊन यंत्राची चिठ्ठी लिहिणे हा अन्याय ठरेल. उलट, ज्याचा नोड खरोखर क्षीण झाला आहे त्याला गोळ्यांवर झुलवीत ठेवणे हाही तितकाच मोठा अन्याय होय. काचबिंदूच्या थेंबांचा काही अंश रक्तात उतरतो व हृदयापर्यंत पोहोचतो, ही गोष्ट रुग्णाने आपण होऊन सांगावी अशी अपेक्षा करता येणार नाही. डोळ्याच्या औषधाला तो हृदयाचे औषध समजतच नाही. ती विचारावी लागते. नाव देण्यापूर्वी तो प्रश्न विचारला जावा, एवढ्यासाठीच या संज्ञेचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.